स्मार्ट वजनकाटा, आठ महिन्यांनी: किलो बरोबर, खालचा शब्द चूक

लातूरमधलं पाच माणसांचं घर, त्यात दोन लेकरं. तेराशे रुपयांचा काचेचा, ब्लूटूथवाला काटा. आठ महिन्यांचा वापर. पहिल्या महिन्यात चार स्टार दिले होते, आता दोनवर आणतोय.

वजनाबद्दल तक्रार नाही. पाच लिटरचा भरलेला कॅन हातात घेऊन उभं राहिलं की कॅनसकट जेवढं वाढायला पाहिजे तेवढंच वाढतं. फक्त काटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवू नका. काट्याचा एक पाय अधांतरी राहिला की दर वेळी वेगळा आकडा येतो. जागा बदलली की एकदा पायाने दाबून 0.0 येऊ द्या, मगच उभं राहा.

स्टार कापलेत ते अ‍ॅपमध्ये वजनाखाली येणाऱ्या रंगीत पट्टीचे. निळी म्हणजे 'कमी वजन', हिरवी 'सामान्य', केशरी 'जास्त वजन', लाल 'लठ्ठ'. दहा वर्षांच्या लेकरालाही हीच पट्टी लागते, आणि ती त्या वयाला चूक आहे.

पट्टीमागे बीएमआय आहे: किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. 18.5 च्या खाली कमी, 25 पासून जास्त, 30 पासून लठ्ठ, हे मोठ्या माणसांचे आकडे. लेकरांचा बीएमआय एका जागी थांबत नाही. तान्हेपण सरलं की तो उतरतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात खाली जातो आणि मग परत चढत राहतो. त्यामुळे वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी वेगळा असा तक्ता लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 5 ते 19 वयाचा तक्ता 2007 चा आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा 5 ते 18 वयाचा 2015 चा. अ‍ॅप जन्मतारीख विचारतं, पण पट्टी ठरवताना ती वापरतच नाही.

आकडे घालून बघा. पूर्ण 10 वर्षांची मुलगी, उंची 138 सेंमी, वजन 32 किलो. बीएमआय 16.8. अ‍ॅप निळी पट्टी दाखवतं, 'कमी वजन'. जागतिक तक्त्यात या वयाच्या मुलीचा मधला आकडाच 16.6 आहे. म्हणजे पोरगी अगदी मधोमध बसते, तरी घरात 'लुकडी झालीस, खात जा' सुरू होतं. आता त्याच वयाचा, त्याच उंचीचा मुलगा घ्या, वजन 42 किलो. बीएमआय 22.1, पट्टी हिरवी, सगळे निवांत. तक्त्यात मात्र 21.4 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. धडधाकट पोरीला नाव ठेवायचं आणि जिथे डॉक्टरांना दाखवायला हवं तिथे 'सामान्य' म्हणायचं, दोन्हीकडून नुकसान.

मध्यंतरी एक अपडेट आलं आणि 18 खालच्यांना चरबीची टक्केवारी दिसायची बंद झाली. हे चांगलं केलं. तो आकडा पायांतून बारीक करंट सोडून अंदाजाने काढलेला असतो, अंगातल्या पाण्याप्रमाणे हलतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर सकाळ-संध्याकाळ बदलतो. तेव्हा अर्धा स्टार वाढवला होता. पण पट्टी तशीच राहिली, म्हणून परत काढला. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, 'मुलाचं वय 18 टाका.' हे अजिबात करू नका, बंद झालेली चरबीची टक्केवारी त्याने परत चालू होते.

आणखी दोन ठिकाणी हे अ‍ॅप फसतं. एक म्हणजे उंची. ती पहिल्या दिवशी भरली की तशीच राहते. आठ महिन्यांत 138 ची 142 झाली, वजन 36 असेल, तर खरा बीएमआय 17.9 आणि अ‍ॅपमध्ये 18.9. वाढत्या वयात मुलींचं वजन भरणं हा वाढीचाच भाग आहे, तो इथे नुसता चढता आलेख दिसतो. दुसरं, काटा माणूस वजनावरून ओळखतो. मुलगी 44 ची आणि आज्जी 47 ची असेल तर आज्जीचं वजन मुलीच्या खात्यात जातं आणि एका रात्रीत तीन किलो वाढल्याची खूण उमटते.

लेकरं काट्यावर पोट आत ओढून, श्वास धरून उभी राहतात. आकडा तसूभर हलत नाही, तरी ती काट्यावरून उतरायच्या आधी फोनमधला रंग बघतात. ब्रिटनमध्ये 2008 साली 'वी फिट' या व्यायामाच्या व्हिडिओ गेमने एका दहा वर्षांच्या मुलीला जाड ठरवलं होतं आणि तो बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीला माफी मागावी लागली होती. इतक्या वर्षांनी तीच चूक आपल्या घरात विकत मिळते, याचा संताप येतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलंय की घरात वजनावरून बोलणं आणि डाएट यांनी लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार, दोन्हींचा धोका वाढतो.

आमच्याकडे चाललेला उपाय असा. अ‍ॅपमधून लेकरांची खाती काढून टाका. त्यांचं वजन घेताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, काट्यावर नुसते किलो दिसतात. मोजे घालून उभं केलं की करंटचं मोजमापही होत नाही. पाणी पिऊन लगेच मोजू नका, अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. तीन महिन्यांतून एकदा पुरे. त्याच दिवशी उंची घ्या: टाचा, पाठ, डोकं भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरून पेन्सिलची रेघ. तारीख, उंची, वजन वहीत लिहा आणि रंग-शब्द काही न लिहिता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन घटत असेल, किंवा लेकरू जेवण टाळायला लागलं असेल, तर तीन महिने थांबू नका.

आणि घरात नुसतं वजनच मोजायचं असेल तर तेराशे घालवू नका. ब्लूटूथ नसलेला डिजिटल काटा निम्म्या किमतीत मिळतो, किलो तेवढेच दाखवतो, खाली काही लिहीत नाही.