जुन्या गाडीचं बिडाचं काम असेल तर जालन्याच्या चाचांकडे न्या

जुन्या गाडीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पार्ट तडकला असेल आणि "हे काही होत नसतंय, भंगारात घाला" असं चार जणांनी सांगितलं असेल, तर भंगारात घालण्याआधी जालन्याला एकदा दाखवून या. संभाजीनगर रोडला औद्योगिक वसाहतीच्या बाजूला पत्र्याचं एक शेड आहे. दुकानाला नाव असं नाही. दारावरच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं 'बीड, ॲल्युमिनियम, पितळ वेल्डिंग' एवढंच रंगवलंय. आत एक वयस्कर मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणते.

आमची गाडी म्हणजे सासऱ्यांनी घेतलेली १९७७ ची अँबेसेडर, मार्क थ्री, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. सेलूत मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला स्कूटीवर जाते, पण मानवत, पाथरी, परभणीची लग्नकार्यं असली की अँबेसेडरच निघते आणि ती मीच चालवते. गेल्या हिवाळ्यात सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटमधून फट-फट आवाज यायला लागला. गाडी तापली की आवाज बराच कमी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या बिडाच्या पार्टला, तडा गेल्याचं हे ठरलेलं लक्षण, कारण बीड तापून फुगलं की तडा मिटतो आणि गार झालं की पुन्हा उघडतो. मग गाडीत धुराचा वास यायला लागला. धुराचा वास येतो म्हणजे त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही आत येतोय, आणि त्याला स्वतःला ना रंग ना वास. मागच्या सीटवर सासूबाई बसतात. त्यामुळे "चालतंय तोवर चालू द्या" हा सल्ला मी बाजूला ठेवला.

नवा मॅनिफोल्ड मिळणं अवघड. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर बनणं २०१४ साली थांबलं, आणि हे जुनं इंजिन तर त्याच्याही कितीतरी आधी नव्या गाड्यांतून गेलं. भंगारवाल्याकडून एक मागवला, तर त्यालाही नेमक्या त्याच जागी बारीक रेघ. ती जागा तशीच आहे. या इंजिनाला सिलिंडर चार असले तरी एक्झॉस्टची तोंडं तीनच असतात. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो. आमचा तडा त्या मधल्या तोंडाच्या मुळाशीच होता.

चाचांकडे जाण्याआधी एका ठिकाणी वेल्डिंग करून घेतलं होतं. साधा पोलादी रॉड, दहा मिनिटांचं काम, वरून पाण्याचा फडका. परभणीला जाऊन येईस्तोवर वेल्डिंगच्या कडेनं नवा तडा. वेल्डिंग जागच्या जागी शाबूत आणि शेजारचं बीड फाटलेलं. असं का होतं ते सांगते, कारण बिडाचं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला पाहिजे. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्यापर्यंत असतो, बिडात दोन ते चार टक्के. साध्या रॉडनं बीड वितळवलं आणि ते झटकन गार झालं की तो कार्बन लोखंडाशी बांधला जाऊन वेल्डिंगच्या कडेला काचेसारखा कडक, ठिसूळ थर तयार होतो. वेल्डिंग गार होताना आकसतं, बिडाला ताण सोसत नाही, आणि त्या थरातून ते तुटतं. वर पाणी मारलं की विषयच संपला. निकेलच्या रॉडचं तसं नाही. निकेल कार्बनला बांधून ठेवत नाही, मऊ राहतं, थोडं ताणलं तरी सोसतं, आणि नंतर कानस किंवा ड्रिलही त्यावर चालतं.

पार्ट पोत्यात गुंडाळून मी रेल्वेनं जालन्याला नेला. चाचांनी आधी तो तारेला टांगून हातोडीनं हलकेच वाजवला. आवाज बद्द आला. मग कडेला ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघितल्या. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद तांबूस निघतात, पोलादाच्या लांब आणि चकचकीत. मग एकदम विचारलं, "मॅडम, गाडीचं सायलेन्सर मागून लोंबतंय का?" मला ते सांगता येईना. घरी फोन करून मुलाला गाडीखाली बघायला लावलं. सायलेन्सर टांगायचं मागचं रबर पार कुजून गेलं होतं, आणि अख्ख्या पाइपचं ओझं मॅनिफोल्डवर आलं होतं. गाडी समोर नसताना नुसता तडा बघून त्यांनी हे ओळखलं. तडा का गेला हे विचारणारा मला भेटलेला हा पहिलाच वेल्डर.

पुढचं काम मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं. आधीचं वेल्डिंग त्यांनी पार मुळापासून ग्राइंड करून काढलं. त्यातला कण जरी राहिला तरी उपयोग नाही, म्हणाले. मग तड्याची टोकं शोधली. लाल रंगाचं द्रव फवारलं, थोडं थांबून पुसून घेतलं, वर पांढरी पावडर मारली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली, आणि ती डोळ्यांना दिसत होती त्याहून बोटभर पुढं गेलेली निघाली. दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारलं, म्हणजे तडा तिथंच अडतो. मग रेघेवर व्ही आकाराची खाच. मॅनिफोल्ड एका जाड प्लेटवर बोल्टांनी आवळला, नाहीतर तापल्यावर तो वाकडा होतो. कोळशाच्या भट्टीत तो सावकाश तापवला. मधून मधून थर्मामीटरचं पिस्तूल रोखून पुतण्या आकडा सांगत होता आणि २५० अंशांच्या आसपास गेल्यावर चाचा उठले.

आणि मग त्यांचा हात बघण्यासारखा. निकेलच्या रॉडनं इंचभर टाका, लगेच रॉड खाली, गोल तोंडाची छोटी हातोडी हातात, आणि टाका लालसर असतानाच त्यावर टकटक-टकटक, हलके, जवळजवळ ठोके. आकसणारं वेल्डिंग त्या ठोक्यांनी पसरतं आणि बिडावरचा ताण उतरतो. ब्रश मारून राख साफ. पुढचा टाका त्याला लागून नाही, पलीकडच्या टोकाला. पुन्हा हातोडी. एकाच जागी उष्णता साचू द्यायची नाही, एवढ्यासाठी हे सगळं. मधेच रोलिंग मिलचा माणूस तुटकं हाउसिंग टेम्पोत घालून घाईघाईत आला. चाचांनी मान वर केली नाही. टाका पुरा ठोकून झाल्यावरच "बस जरा" म्हणाले. जालन्यात सळईचे कारखाने, जिनिंग, कडबाकुट्ट्या, मोटारी, बिडाचं काय काय तुटून येत असतं. हात असा उगाच बसत नाही.

वेल्डिंग झालं की पार्ट भट्टीच्या उरलेल्या धगीवर थोडा वेळ ठेवून कोरड्या चुन्याच्या भुकटीच्या पिंपात पुरला. "आता उद्या," एवढंच म्हणाले. रात्रभर तो आपल्या आपण गार होतो. त्यात घाई केली तर वरचं सगळं वाया. मला तेवढ्यासाठी जालन्यात बहिणीकडे राहावं लागलं, आणि लांबून येणाऱ्यांनी राहायच्या तयारीनंच यावं.

दुसऱ्या दिवशी पार्ट हातात घेतला तर टाके स्वच्छ, कुठं भोक नाही. पुन्हा लाल रंग लावून दाखवला. रेघ उमटली नाही. तरी तोंडांचा सपाटपणा त्यांनी पट्टी लावून बघितला आणि स्वतःहून सांगितलं की मधलं तोंड किंचित खाली आहे, फेसिंग करावं लागेल, म्हणजे तोंडं मशिनवर घासून एका पातळीत आणावी लागतील. ते काम पलीकडच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये होतं. वेल्डिंगचे १८०० आणि फेसिंगचे ४०० रुपये पडले. निकेलचे रॉड महाग असतात, त्या हिशेबानं मला हे रास्त वाटलं.

आता तक्रारी. फोनवर भाव सांगत नाहीत, पार्ट बघितल्याशिवाय बोलतच नाहीत. पक्कं बिल मिळत नाही. आणि पुतण्या नुसता काळा गॉगल लावून वेल्डिंगचे छोटे टाके (टॅक) मारत होता, चांगलं हेल्मेट खुंटीला टांगलेलं असताना. मी त्याला तिथल्या तिथं बोलले. चाचांनी ऐकलं, हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. पण हे बाहेरच्या बाईनं सांगायची वेळ यायला नको होती. पोराचे डोळे आहेत.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. मी बसले होते तेव्हा एक जण जुन्या जीपचा स्टिअरिंगचा आर्म घेऊन आला. चाचांनी हातात घेऊन परत दिला. पैसे वाढवून देतो म्हटलं तरी नाही. "स्टिअरिंगचं, ब्रेकचं मी करत नसतो बाबा. नवं घाला, नाही मिळालं तर गाडी उभी करा." जे होणार नाही, त्याला इतकं सरळ नाही म्हणणारा मिस्त्री असेल, तर त्यानं 'होईल' म्हटलेल्या कामावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

सेलूत आल्यावर नवं गॅस्केट (इंजिन आणि मॅनिफोल्डच्या मधली पट्टी), पितळी नट आणि सायलेन्सरचं नवं रबर घालून मॅनिफोल्ड बसवला. नट आधी मधले, मग बाहेरचे, थोडे थोडे करून आवळले आणि पहिल्यांदा गाडी तापून गार झाल्यावर पुन्हा एकदा आवळले. हेही चाचांनीच बजावून सांगितलं होतं. उन्हाळाभर गाडी चालवली. सकाळचा फट-फट आवाज गेला, धुराचा वास गेला. मधे एकदा लाल रंगाची ती बाटली आणून घरीच तपासलं, वेल्डिंगच्या कडेला काही नाही.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, चाचा नमाजला गेलेले असतात. पार्टमध्ये बसवलेले जुने स्टड (आट्यांचे खिळे) आधीच काढून न्या. आणि सोबत जुनं गॅस्केटही असू द्या, फेसिंगवाल्याला तोंडांची भोकं जुळवून बघायला ते लागतं.