महिन्याची वर्गणी की फुकट प्रवेश? ऑनलाइन खेळांच्या खर्चाचा एका बडोदेकर घरातला हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दांडिया बाजारातल्या बहिणीकडे गेलो असताना तिच्या घरात एक प्रश्न चर्चेला होता. अकरावीत शिकणाऱ्या भाच्याला ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या ऑनलाइन खेळाची महिन्याची वर्गणी भरून हवी होती, आणि इतके खेळ फुकट मिळत असताना दरमहा पैसे भरायचे कशासाठी, असे मेहुण्यांचे म्हणणे होते. संगणकाच्या क्षेत्रातला म्हणून निर्णय मामावर सोपवण्यात आला. मी आधी बहिणीच्या फोनमधले बँकेचे मेसेज उघडले. भाचा मित्रांबरोबर गोळीबाराचा एक ‘फुकट’ खेळ खेळत असे, आणि त्या एका महिन्यात सात वेळा ७९ रुपये व चार वेळा १९९ रुपये गेलेले होते. एकही रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती, पण बेरीज १,३४९ रुपये झाली, म्हणजे ज्या वर्गणीला घरात विरोध होता जवळजवळ तेवढीच. हाच प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्या दुपारी वहीत मांडलेली तुलना इथे सविस्तर लिहीत आहे.

वर्गणीची पद्धत जुनी आहे. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ हे खेळ महिन्याला सुमारे दहा डॉलर घेत. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने १४.९९ डॉलर हा दर ठेवला, आणि २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर पोचले. या पद्धतीमागचा विचार खानावळीच्या महिन्याच्या डब्यासारखा आहे: सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवायचे, माणसे नेमायची, नवा मजकूर घालत राहायचा, आणि त्याचा खर्च सर्व खेळणाऱ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. दुसऱ्या पद्धतीत दार सर्वांना उघडे असते आणि आत दुकान असते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ (२००९), ‘फोर्टनाइट’चा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरणारा जिंकतो असा, प्रकार (२०१७), ‘व्हॅलोरंट’ (२०२०) आणि ‘पबजी मोबाइल’च्या जागी आलेला आणि आपल्याकडे घरोघरी पोचलेला ‘बीजीएमआय’ हे सारे या पद्धतीचे खेळ आहेत.

‘फुकट’ या शब्दाकडे बडोदेकराने जरा थांबून पाहावे असे मला वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी मोफत वाचनालये उभी करण्याचे काम सुरू केले, तेव्हा त्या मोफतपणाचा भार राज्याचा खजिना उचलत होता आणि पोराने जास्त पुस्तके वाचली म्हणून कोणाचा गल्ला भरत नव्हता. खेळांच्या फुकटपणात खजिना नसतो. तिथे बहुतेक खेळणारे काहीच देत नाहीत आणि थोडे लोक पुष्कळ देतात. त्यामुळे दुकानाची सारी मांडणी त्या थोड्यांना अधिक खर्च करायला लावण्यासाठी आणि बाकीच्यांतून असे आणखी थोडे तयार करण्यासाठी केलेली असते. दोन पद्धतींतला खरा फरक मला इथे दिसतो. वर्गणीच्या खेळाला तुम्ही पुढच्या महिन्यातही राहावे असे वाटते, तर फुकट खेळाला तुम्ही आज दुकानात शिरावे असे वाटते.

आता आकडे पाहू. चौदा-पंधरा डॉलरची वर्गणी आपल्या पैशांत महिन्याला बाराशे-तेराशे रुपयांच्या घरात जाते, म्हणजे वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. डॉलरच्या भावाप्रमाणे हा आकडा खालीवर होईल, आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी येणारी चाळीस-पन्नास डॉलरची मोठी भर, म्हणजे खेळाचा नवा भाग, स्वतंत्र विकत घ्यावी लागेल. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही, पण ती आधी सांगता येते आणि तिला वरची मर्यादा आहे.

फुकट खेळात शून्य रुपयेही लागू शकतात, ही त्याची खरी आणि मोठी जमेची बाजू आहे. मात्र वरची मर्यादा जवळजवळ नसतेच. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या चौघांपर्यंत मिळून खेळता येणाऱ्या खेळाचे गणित मी भाच्यासमोर बसून केले. हवे असलेले पात्र तिथे सोडतीतून मिळते. प्रत्येक सोडतीला १६० रत्ने, म्हणजे खेळातले चलन, लागतात आणि सर्वोच्च दर्जाचे पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के असते. नव्वद सोडतींच्या आत त्या दर्जाचे एक पात्र हमखास मिळते, पण ते हवे तेच असेल असे नाही. नशिबाने साथ दिली नाही तर एकशेऐंशी सोडतींपर्यंत जावे लागते. म्हणजे २८,८०० रत्ने. या खेळात तीस दिवसांचे एक स्वस्त कार्ड मिळते, त्यातून आरंभी ३०० आणि रोज ९० अशी महिन्याला ३,००० रत्ने हाती येतात. खेळताना काही रत्ने फुकट मिळतात ती बाजूला ठेवली, तर वाईटात वाईट परिस्थितीत एका पात्रासाठी जवळजवळ दहा महिन्यांची कार्डे लागतील. भाच्याने कॅलक्युलेटर दोनदा चालवून पाहिला आणि म्हणाला, “मामा, हीसुद्धा वर्गणीच झाली, फक्त काय मिळणार ते माहीत नाही.” मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते. अशा सोडतींना बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये जुगार ठरवले, आणि चीनमध्ये २०१७ पासून त्यांच्या शक्यता जाहीर करणे बंधनकारक आहे.

सोडत नसलेल्या दुकानांतही बारकावे आहेत. ‘व्हॅलोरंट’मध्ये बंदुकीचे स्किन, म्हणजे तिचे नुसते नवे रूप, घेतल्याने नेम सुधारत नाही किंवा गोळीचा मार वाढत नाही, आणि त्या दृष्टीने हा खेळ प्रामाणिक आहे. पण प्रत्येकाच्या दुकानात रोज चारच स्किन दिसतात, चोवीस तासांनी ते बदलतात आणि वर घड्याळ उलटे चालत असते. किंमत रुपयांत नसते, पॉइंटांत असते. पॉइंट ठराविक गठ्ठ्यांत मिळतात आणि खरेदीनंतर थोडे उरतात, मग ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा घेतला जातो. ‘फोर्टनाइट’च्या कंपनीने बटणांच्या फसव्या मांडणीतून लोकांना नको असलेल्या खरेदीत ओढले, या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत ग्राहकांना परतफेडीसाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले.

बॅटल पास, म्हणजे ठराविक मुदतीत खेळून वस्तू मिळवण्यासाठी विकत घ्यायचा पास, हा प्रकार आपल्याकडे गरब्याच्या सीझन पाससारखा समजला जातो, आणि तो तसा नाही. गरब्याचा पास घेतला की नऊ रात्री मैदान खुले. एखाद्या रात्री पाय दुखले तर घरी बसावे किंवा शेरीतल्या गरब्याला जावे. बॅटल पास घेतल्यावर मात्र वस्तू लगेच मिळत नाहीत, त्या मुदतीत मिळवण्यासाठी खेळत राहण्याचे काम गळ्यात पडते. भाच्याच्या पासची शेवटची दहा रात्रींची मुदत नेमकी नवरात्रात आली होती. मैदानावरून रात्री एक वाजता परत आल्यावर हा मुलगा पहाटेपर्यंत ‘मिशन’ पुरी करत बसे, कारण दिलेले पैसे बुडतील अशी त्याला भीती होती. मला हे ऐकून फार वाईट वाटले, आणि पैशांपेक्षा या झोपेचा हिशेब मोठा आहे असे मी बहिणीला स्पष्ट सांगितले.

वर्गणीची बाजू स्वच्छ आहे असे मात्र समजू नये. पैसे भरले आहेत म्हणून खेळलेच पाहिजे, ही भावना तिथेही येते. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये मोठ्या कष्टाने घेतलेल्या घरात पंचेचाळीस दिवस पाऊल टाकले नाही तर ते पाडले जाते, म्हणजे परीक्षेसाठी वर्गणी थांबवणाऱ्याचे घर जाऊ शकते. शिवाय वर्गणी घेऊनही दुकान उघडले जातेच: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२४ मध्ये स्वारीचा एक प्राणी नव्वद डॉलरला विकला. तरीही वर्गणीदाराचे स्थान वेगळे असते, हे डिसेंबर २०२१ मध्ये दिसले. ‘फायनल फँटसी’च्या नव्या भागाला इतकी गर्दी झाली की लोक तासन् तास रांगेत अडकले, तेव्हा कंपनीने खेळाची विक्रीच काही आठवडे बंद ठेवली आणि वर्गणीदारांना एकूण एकवीस दिवस मोफत दिले. महिन्याचे पैसे घेतले की महिन्याच्या सेवेला बांधील राहावे लागते, ते हे असे.

बडोद्यात बसून खेळणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे, आणि परदेशी तुलनांत ती सापडत नाही. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर मुंबईत आहे, ‘बीजीएमआय’ तर भारतासाठीच चालवला जातो. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या वर्गणीच्या दोन मोठ्या खेळांचा एकही सर्व्हर भारतात नाही. बहिणीच्या घरच्या ब्रॉडबँडवर मुंबईचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, वीस-पंचवीस मिलिसेकंद आला, युरोपचा दीडशेच्या वर. गोळीबाराच्या खेळात हा फरक हार-जीत ठरवतो. ‘फायनल फँटसी’त मुख्य चालींमध्ये मुळात अडीच सेकंदांचे अंतर असल्यामुळे दीडशेचा पिंग बराचसा पचतो. दुसरी अडचण सोबतीची. भाच्याच्या वर्गातले सात-आठ जण संध्याकाळी फुकट खेळातच भेटतात, आणि वर्गणीच्या जगात त्याला ओळखीचे कोणी भेटणार नव्हते. मित्रांची सोबत हेच ज्याचे खेळण्याचे कारण आहे, त्याला वर्गणी भरून देणे म्हणजे रिकाम्या सभागृहाचे तिकीट काढून देणे होईल.

खेळ बंद पडण्याची जोखीमही दोन्हीकडे सारखी नाही. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याची जागा घेणारा ‘बीजीएमआय’ जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. असा खेळ मध्येच हातातून गेला तर वर्गणीदाराचा चालू महिना आणि घेतलेली भर बुडते, स्किन जमवणाऱ्याचा मात्र सारा संग्रह एका दिवसात निरुपयोगी होतो. वर्गणीचे खेळही वचनाला कायम चिकटून राहत नाहीत. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ डिसेंबर २०११ मध्ये वर्गणीवर निघाला आणि वर्ष भरायच्या आत त्याचे दार फुकट उघडले, ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने २०१४ साली सुरुवात करून पुढच्याच वर्षी वर्गणीची सक्ती काढली. कायद्याचे म्हणाल, तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैजेच्या खेळांवर बंदी घातली आहे. पैज किंवा बोली नसलेली वर्गणी मात्र त्यात स्पष्टपणे मान्य आहे.

पैसे देण्याच्या सोयीत वर्गणीचे पारडे जड आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना चोवीस तास आधी यावी लागते, त्यामुळे नको असलेला महिना रोखता येतो. परदेशी वर्गणीला आपली डेबिट कार्डे पुष्कळदा चालत नाहीत, तेव्हा ठराविक दिवसांचा कोड घ्यावा; तो संपला की वर्गणी आपोआप थांबते. फुकट खेळात अशी थांबायची जागा आपल्यालाच करावी लागते. फोनमधल्या अ‍ॅपच्या दुकानात जोडलेले कार्ड आणि यूपीआय काढून टाकावे, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा, आणि द्यायचेच तर ठरलेल्या रकमेचे गिफ्ट कार्ड द्यावे. एकोणऐंशी रुपये सात वेळा मागायला मूल स्वतःहून आईजवळ येणार नाही, आणि त्या अडथळ्याचाच उपयोग असतो.

मेहुण्यांना मी सांगितले की पैसा अजिबात खर्च करायचा नसेल आणि खेळ मित्रांसाठीच असेल, तर फुकट खेळ योग्य आहे, मात्र शून्य म्हणजे शून्य. ज्या मुलाला पहिल्या आठवड्यातच स्किनचा मोह आवरत नाही, त्याला फुकट खेळ वर्गणीपेक्षा महाग पडतो. लांबलचक कथेत रमणारा, एकट्याने तासभर निवांत खेळणारा आणि रोज न बसणारा असेल, तर वर्गणी त्याला मानवते, तीही एकेका महिन्याची. भाच्याच्या बाबतीत दोन्हींच्या मधली एक वाट होती. ‘फायनल फँटसी’ची मोफत चाचणी सत्तराव्या पातळीपर्यंत, पहिल्या दोन भरींसह आणि दिवसांच्या मर्यादेशिवाय चालते; तिथला बाजार वापरता येत नाही आणि तीन लाखांपेक्षा जास्त नाणी साठवता येत नाहीत, पण कथा शेकडो तास पुरते. पूर्ण खेळ विकत घेतला की त्याच खात्यावरून चाचणीकडे परत जाता येत नाही, म्हणून घाई करायची नाही असे त्याने कबूल केले.

सध्या तो शनिवार-रविवार ती चाचणी खेळतो आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मित्रांबरोबर जुना खेळ. बहिणीच्या फोनमधले कार्ड काढले आहे. परवा फोन केला तेव्हा त्याची पातळी एकेचाळीस झाली होती. बारावीची परीक्षा होईपर्यंत सत्तर गाठली, तर पहिला साठ दिवसांचा कोड मी घेऊन देणार आहे.