मित्राला प्रिंट विकताना: खर्चापुरते घ्यावेत की भाव सांगून सूट द्यावी?

"भावा, ह्यो फोटो मला पाहिजे. किती द्यायचं बोल." भिंतीवरच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या फोटोकडे बोट दाखवत मित्र असं म्हणाला की आपली जीभ अडखळते. फुकट देणार असाल तर प्रश्नच मिटला, मागच्या बाजूला सही करून खुशाल द्या. पैसे घ्यायचे असतील, तर माझ्या अनुभवात वाटा दोनच. मी दोन्ही चालून बघितल्यात.

पहिली, खर्चापुरते घेण्याची. सांगायला सोपी, मैत्रीला शोभणारी. लहान प्रिंट असेल आणि फ्रेम त्याची तोच करून घेणार असेल, तर मी अजूनही हेच करतो. मोठ्या प्रिंटला मात्र घोळ होतो, कारण खर्च म्हणजे नक्की काय, हेच ठरलेलं नसतं.

माझा घोळ त्या यात्रेच्याच फोटोत झाला. सासनकाठ्या, वर उधळलेला गुलाल, सगळं स्क्रीनवर पेटलेलं. पण गुलालाचा तो गुलाबी कागदावर तसा उतरत नाही, शाईच्या आवाक्याच्या तो थोडा बाहेरच पडतो. १२ बाय १८ची पहिली प्रिंट विटकरी आली. दुसरी मॅट कागदावर काढली, ती मलूल. रंग थोडे दाबून, कागद बदलून तिसरी काढली तेव्हा कुठं मनासारखं झालं. मित्राला अर्थातच तिसरी दिली. लॅबची पावती चुकून खोक्यातच राहिली होती. ती वाचून तो म्हणाला, "तीन कशाला काढलास? मला एकच पाहिजे होता की." चुकीचं काहीच बोलला नाही तो. मी एकीचेच पैसे घेतले.

फसलेली प्रिंट कुणाच्या खात्यात टाकायची? मला खुपलं ते एवढंच. खर्चाचा भाव म्हटला की मित्र हिशेब तपासणारा होतो आणि आपण पावत्या लपवणारे. पेट्रोल, जोतिबाच्या डोंगरावर वाडी रत्नागिरीला पहाटे चढून काढलेले तास, हे तर पावतीवर येतच नाही. शिवाय महिन्याभरात त्याच्या साडूचा फोन आला, "त्यांना ज्या भावात दिलासा, त्याच भावात मला दोन द्या."

दुसरी वाट, भाव आधीच ठरवून ठेवण्याची. कुणी मागत नसतं तेव्हा शांतपणे बसून आकारागणिक एकच भाव लिहून टाकायचा. मी प्रिंट आणि फ्रेमच्या खर्चाची साधारण अडीचपट धरतो, त्यात फसलेल्या प्रिंटाही निघतात. समजा खर्च १,२०० झाला, तर भाव ३,०००. मित्राला २,०००. पण बिलावर दोन्ही ओळी लिहायच्या: भाव एवढा, सूट एवढी.

यातही काटा आहेच. पहिल्यांदा पूर्ण आकडा सांगताना घसा कोरडा पडतो. एक जण आकडा ऐकून "बघतो" म्हणाला आणि परत विषय काढला नाही. ते मला अजून लागतं. तुमचा मित्रपरिवार फारच हळवा असेल, तर कदाचित पहिली वाटच बरी.

जाता जाता एक. विकतो ती प्रिंट, फोटोचा हक्क नव्हे. मित्राला तोच फोटो दुकानाच्या डिजिटल फलकावर लावायचा असेल, तर ते बोलणं वेगळं करा. उलट त्यानं पैसे देऊन त्याच्या वास्तुशांतीचे फोटो काढून घेतले असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, हक्क मुळात त्याचाच. तिथं प्रिंटचा भाव लावताना मी तरी हात आखडता घेतो.

यंदा तोच गुलालवाला मित्र रंकाळ्याचा फोटो न्यायला आला. दोन ओळींचं बिल दिलं. त्यानं वाचलं, मोजून २,००० ठेवले, बिल घडी करून खिशात टाकलं. मागोमाग साडूचा फोन आलाच. पण या वेळी त्यांनी भाव विचारला नाही. ३,००० कुठं पाठवू, एवढंच विचारलं.