तीन सुताचे पैसे, दोन सुताचं लाकूड

चाकूच्या मुठीसाठी लाकडी पट्ट्यांची जोडी ऑनलाइन मागवणार असाल, तर विक्रेत्याच्या फोटोवर विसंबू नका. मला त्या फोटोनेच फसवलं.

माझं पातं 4 मिमी जाडीचं होतं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसतात, तसा प्रकार. मूठ हातात भरायची तर मधोमध 22 मिमी तरी जाडी लागते, म्हणजे प्रत्येक बाजूला 9 मिमी लाकूड. पाठ, म्हणजे पोलादाला चिकटणारी बाजू, सपाट करताना अर्धा ते एक मिमी घासला जातो, म्हणून मी तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिमीची शिसवी जोडी मागितली. विक्रेत्याने पट्टी टेबलावर आडवी ठेवून शेजारी स्टीलची फूटपट्टी उभी धरलेला फोटो पाठवला. त्यात साडेनऊ स्पष्ट दिसत होते. मी पैसे पाठवले.

पार्सल उघडून व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं माप, लावला तर 7 मिमी! दोन सुतांपेक्षा जेमतेम जास्त. पट्टी काचेवर ठेवल्यावर उलगडा झाला. ती धनुष्यासारखी वाकलेली होती, मधल्या भागाखाली अडीच मिमीची पोकळी. फूटपट्टीने लाकूड आणि पोकळी एकत्रच मोजली होती. पट्टी उलटी ठेवली असती तर बाक लगेच दिसला असता, आणि तोच फोटो त्याने टाळला होता.

बरं, अशी पट्टी क्लॅम्पने दाबून अरल्डाइटने चिकटवू म्हटलं तर ती आतून सतत उचल खाते आणि कधीतरी कडेला फट पडते. पाठ घासून सपाट करायची तर दोन्ही टोकांना साडेचार मिमीच उरतात, आणि रिव्हेट, म्हणजे पट्ट्या पोलादाला पक्क्या करणाऱ्या धातूच्या खिळ्या, नेमके टोकांजवळ असतात. रिव्हेटचं डोकं बसवायला 3 मिमी खोल खाच घेतली की खाली दीड मिमी लाकूड. ठोकताना तडकणारच. तिथे मुठीची एकूण जाडी 13 मिमी. अशी मूठ ओल्या हातात फिरते, आणि धारदार पातं हातात फिरणं किती महाग पडतं ते सांगायला नको.

शिसवीचंही खोटंच. ऍसिटोनचा बोळा फिरवला, तपकिरी रंग कापसावर उतरला. कोपरा पॉलिश पेपरने घासला, आत पांढुरकं लाकूड.

विक्रेता म्हणाला, “साहेब, लाकडात एवढं चालतं.” नाही चालत. करवतीच्या मापात आणि रंधा मारलेल्या मापात थोडा फरक पडतो, हे सुतारकाम करणारा कोणीही मान्य करेल. पण मोकळी हवा मोजून तिचे पैसे घेणं हा सरळसरळ लबाडपणा आहे, आणि नवशिक्या मुलांच्या बाबतीत तर मला त्याचा फारच राग येतो. पहिलीच मूठ तडकली की दोष आपल्याच हाताचा, असं समजून ती पोरं काम सोडून देतात.

म्हणून पैसे देण्याआधी व्हर्नियरच्या जबड्यात पट्टीची दोन्ही टोकं आणि मध्य, असे तीन फोटो मागा. जोडी पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरलेला व्हिडिओ मागा. मधून उजेड आला तर नको म्हणा. जाडी मिमीमध्ये, घासून सपाट केल्यानंतरची, बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊच नका. माल आल्यावर मोजमाप होईपर्यंत ड्रिल लावू नका, कारण भोक पडलेला माल कोणी परत घेत नाही.

मी भोकं पाडली नव्हती, तरी त्याने पैसे परत केले नाहीत. चॅट, फोटो आणि यूपीआयची पावती जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (क्रमांक 1915) तक्रार नोंदवली आहे.