इंदूरमधील श्वान-गंधशोध वर्ग : एक अभिप्राय
विजयनगर भागात पाळीव कुत्र्यांसाठी चालणाऱ्या या गंधशोध वर्गाला आमची लॅब्रॅडोर कुत्री जाते. अमेरिकन केनेल क्लबच्या गंधशोध स्पर्धांत बर्च, लवंग इत्यादींच्या तेलांचे गंध शोधावे लागतात. येथे मात्र आरंभी अनेक खोक्यांपैकी एकात खाऊ लपवितात आणि कुत्र्याला शोधाची गोडी लागल्यावरच लवंगतेलाचा कापूसबोळा आणतात, हा क्रम मला योग्य वाटला. प्रशिक्षिका मालकाला पट्टा सैल ठेवून गप्प राहायला आणि गंध सापडताच कुत्र्याची मान कशी वळते, श्वासाची गती कशी बदलते, हे ओळखायला शिकवितात. आज्ञापालनाच्या वर्गात हुकूम मालकाचा चालतो. येथे कुत्रे पुढे आणि आपण मागे, त्यामुळे बुजऱ्या कुत्र्यांनाही हा वर्ग मानवतो.

उणीव एकच, पण ती लहान नाही. खाऊ ठेवलेली खोकी बाजूला न काढता पुन्हा रिकामी म्हणून मांडली जातात आणि उरलेल्या वासापाशी थांबलेले कुत्रे चुकले असे धरले जाते, जे सरळसरळ अन्यायाचे आहे. शुल्क बेताचे आहे. उन्हाळ्यात सकाळचीच तुकडी निवडावी, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.