समुद्रात उतरलेली डबलडेकर : गिम्प ३.० चा अनुभव

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकेच्या पोस्टरसाठी दिग्दर्शकाने जे चित्र मागितले, ते ऐकायला सोपे होते. मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात, तिन्हीसांजेला, चाके बुडतील इतक्या पाण्यात उभी असलेली बेस्टची जुनी लाल डबलडेकर त्याला हवी होती. १९३७ साली मुंबईत आलेल्या डबलडेकरच्या डिझेलवर चालणाऱ्या पिढीतली शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, त्यामुळे नवा फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे सीप्झकडे जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या बसचा, अंधेरीत भर दुपारी काढलेला एक जुना फोटो होता आणि पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून मोबाइलने टिपलेला समुद्र होता. या दोहोंची सांगड मी गिम्प ३.० या फोटोंवर काम करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घातली. त्या तीन आठवड्यांच्या कामावर हे परीक्षण आधारलेले आहे.

गिम्पची सुरुवात १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली. २.१० ही आवृत्ती २०१८ मध्ये आणि ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मधल्या काळात पुष्कळ काही बदलले असले, तरी कंपोझिट, म्हणजे अनेक फोटो जोडून एक चित्र, करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल एकच आहे. पूर्वी एखादा फिल्टर लावला की तो लेयरमध्ये, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांपैकी त्या थरात, कायमचा मुरत असे. आता तो लेयरला जोडलेला राहतो, फाइलबरोबर जतन होतो आणि चार दिवसांनी उघडूनही त्याचे आकडे बदलता येतात. हे किती मोलाचे आहे, ते मला प्रकाशाच्या कामात कळले.

मरीन ड्राइव्हचे तोंड पश्चिमेकडे आहे. त्यामुळे संध्याकाळी कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्यातल्या कोणत्याही वस्तूची अंधारी बाजूच दिसणार. माझी बस मात्र दुपारच्या उन्हात लखलखत होती. केवळ कापून समुद्रावर ठेवल्यावर ती चिकटवहीत डकवल्यासारखी दिसली, यात नवल नव्हते. मी तिच्यावर आधी कर्व्ह्ज हा उजेड-अंधार कमीजास्त करणारा फिल्टर लावून लाल रंग जवळजवळ मातकट होईपर्यंत खाली आणला, मग कलर टेम्परेचरने उबदारपणा कमी केला आणि छपराच्या कडेवर व पुढच्या काचेच्या काठावर वेगळ्या लेयरमध्ये नारिंगी उजेडाची बारीक रेघ रंगवली. ती रेघ उमटल्याबरोबर बसच्या मागे सूर्य असल्याचे पटू लागले. हा अंधार किती असावा, यावर माझे आणि दिग्दर्शकाचे निदान सहा वेळा मतभेद झाले. दरवेळी लेयरच्या नावाशेजारच्या एफएक्स या खुणेवर टिचकी मारून आकडा बदलण्यापलीकडे मला काही करावे लागले नाही. फिल्टरांचा क्रमही तिथेच बदलता येतो. मोबाइलचा समुद्र दाणेदार होता आणि बस स्वच्छ, म्हणून बसवर थोडा नॉइज, म्हणजे तसेच दाणे, घातला. पण तो ब्लरच्या, म्हणजे कडा मऊ करणाऱ्या फिल्टरच्या, आधी लागल्यामुळे पुसला जात होता. क्रम उलटा करताच दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखे दिसू लागले.

बस कापण्यासाठी पाथ हे कडेने रेघ आखत जाण्याचे साधन उत्तम आहे, कारण डबलडेकरच्या कडा बहुतांशी सरळ आहेत. वेळ गेला तो खिडक्यांत. त्यांच्या गजांमधून अंधेरी दिसत होती, म्हणून प्रत्येक चौकट मास्कवर (लेयरचा कोणता भाग दिसावा आणि कोणता लपावा, हे ठरवणाऱ्या पडद्यावर) काळी करून मागचे आकाश आत आणावे लागले. खालच्या मजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीत कुठल्याशा दुकानाच्या पाटीवरचा अर्धा ‘र’ तरीही शिल्लक राहिला आणि तो शोधून काढण्याचा मान अर्थातच दिग्दर्शकाने मिळवला.

क्षितिजाची चूक निव्वळ माझी होती. सुरुवातीला मी अख्खी बस क्षितिजरेषेच्या खाली बसवली आणि ती टबात सोडलेल्या खेळण्यासारखी दिसू लागली. मूळ फोटो रस्त्यावर उभे राहून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला होता. म्हणजे क्षितिज बसच्या खालच्या खिडक्यांच्या आसपास येणे भाग होते. बस वर सरकवून मोठी केली, तर ती धूसर झाली, कारण आदल्या दिवशी मी तोच लेयर लहान करून ठेवला होता. लेयर लहान-मोठा केला तरी मूळ फोटो सांभाळून ठेवणारी, फोटोशॉपमधल्या स्मार्ट ऑब्जेक्टसारखी सोय या आवृत्तीत नाही, त्यामुळे मूळ आकाराची प्रत लेयरांच्या तळाशी लपवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. खालच्या सगळ्या लेयरांचे रंग-उजेड एकदम बदलणाऱ्या स्वतंत्र अ‍ॅडजस्टमेंट लेयरचा अभावही मला जाणवला. प्रतिबिंबासाठी बसची प्रत उलटी करून, रिपल फिल्टरने हलवून, मूळ बसपेक्षा काळोखी केली, एवढे सांगणे पुरे.

देवनागरी अक्षरांच्या बाबतीत गिम्पने अनपेक्षित समाधान दिले. एक टाइप या मुंबईच्याच संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट निवडून एकांकिकेचे नाव टाइप केले, तेव्हा जोडाक्षरे आणि वेलांट्या पहिल्या फटक्यात जागच्या जागी बसल्या. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी आधी वर्ल्ड-रेडी लेआउट हा पर्याय निवडावा लागत असे, आणि ते ठाऊक नसलेल्या माणसाची ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या पुढे जाऊन उभी राहत असे. अक्षरांना दिलेली बाह्यरेषाही आता मजकूर बदलण्याच्या आड येत नाही.

छपाई हा या सॉफ्टवेअरचा दुबळा भाग आहे. गिम्पमध्ये काम आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच, चालते. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, फाइल बाहेर काढता येते आणि छापील रंगांचा अंदाज पडद्यावरही पाहता येतो, पण थेट त्या रंगांत काम करण्याची सोय नाही. ए३ आकारासाठी ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची फाइल तयार करून मी गिरगावातल्या एका छापखान्यात गेलो आणि कोणते कलर प्रोफाइल (छपाईयंत्राच्या रंगांचे वर्णन करणारी फाइल) वापरता, असे विचारले. “जेपीजी द्या साहेब, होऊन जाईल,” असे उत्तर मिळाले. जे व्हायचे ते झाले. जांभळट निळे पाणी शिळ्या चहाच्या रंगाचे छापले गेले. दुसऱ्या खेपेला पडद्यावर छपाईचा अंदाज पाहत पाण्यातला निळा आधीच उतरवला, तेव्हा कुठे ते पोस्टर भिंतीवर लावण्याजोगे झाले.

दिवसाला चार बॅनर देणाऱ्या दुकानदाराला मी गिम्पकडे वळायला सांगणार नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक, छापखाना आणि हातांची सवय या तिन्ही गोष्टी फोटोशॉपशी बांधलेल्या असतात. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणी भरूनच मिळतात. ती वर्गणी वर्षातून दोन पोस्टरे करणाऱ्या मंडळाला किंवा नाट्यसंस्थेला मुळीच परवडण्यासारखी नाही. अशांसाठी गिम्प ३.० पुरेसे आहे, फक्त पहिला आठवडा चिडचिडीचा जाईल, हे गृहीत धरावे.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी, छपाईची दुसरी खेप निघण्यापूर्वी, दिग्दर्शकाचा फोन आला, “अरे, बस अजून थोडी बुडव ना, चाकं दिसतायत.” पाण्याच्या रेषेचा आणि फेसाचा मास्क मी बसच्या लेयरवर न लावता तो लेयर ज्यात ठेवला होता त्या ग्रुपवर (लेयरांच्या गटावर) लावलेला होता, त्यामुळे आतली बस तेवढी खाली ओढली आणि फेस जागेवरच राहिला. क्षितिज खिडक्यांच्या काचांवर किंचित वर चढले, ते मी चालवून घेतले. प्रतिबिंब मात्र नव्याने जुळवावे लागले आणि त्यात रात्रीचा एक वाजला.