डिस्लेक्सिया आणि डिस्प्रॅक्सिया: वही सारखी, अडचण वेगळी

डिस्लेक्सिया असलेल्या आणि डिस्प्रॅक्सिया असलेल्या मुलाची वही बऱ्याचदा सारखीच दिसते: अर्धवट, खाडाखोड केलेली. डिस्लेक्सियात अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही. 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ, जोडाक्षर आलं की अडखळणं, वेलांट्या गळणं. हेच मूल धडा ऐकवला तर तोंडी उत्तर झकास देतं.

डिस्प्रॅक्सियात वाचन ठीक असू शकतं, हालचालींची आखणी जमत नाही. त्यामुळे खुणा शाळेआधीच घरात दिसतात: शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, चेंडू झेलणं, पुढे सायकल. पाच ते अकरा वयाच्या साधारण ५-६ टक्के मुलांत हा त्रास असतो, तरी आपल्याकडे 'वेंधळा आहे' म्हणून मोकळे होतात. मला हे जास्त खटकतं; खेळात कुणी घेत नाही आणि मूल एकटं पडतं.

बुद्धीचा प्रश्न दोन्हींत नाही. पहिल्याला ध्वनी-अक्षरांवर आधारलेलं विशेष शिक्षण लागतं, दुसऱ्याला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली सरावाने जमवून देणारे उपचार. काही मुलांत दोन्ही असतात, मग तपासणीही दोन्हींची हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली (म्हणजे शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या गटात) दोन्हींचा उल्लेख आहे.